पाऊणकी

डोंबिवलीहून रोज मुंबईला जाणाऱ्या माणसाला समुद्र दिसत नाही. सीएसएमटीला उतरून चालत निघालं तर अर्ध्या तासात मरीन ड्राइव्ह येतं. पण त्या अर्ध्या तासाला दिवसात जागा नसते. सकाळी ऑफिस गाठायचं असतं, संध्याकाळी गाडी. वर्षानुवर्षं आपण एका बंदराच्या शहरात ये-जा करतो आणि त्याचं पाणी पाहत नाही.

म्हणून एखाद्या कामाच्या दिवशी रजा घ्यावी आणि एकटीनेच जावं. कुणाला भेटायला नाही, खरेदीला नाही, दवाखान्यात तर नाहीच.

घरी हे सांगणं थोडं जड जातं. “बरोबर कोण येतंय?” हा पहिला प्रश्न. “कुणी नाही” म्हटलं की लगेच दुसरा, “काही झालंय का?” बाई एकटी बाहेर पडते ती कामासाठी, नाहीतर काहीतरी बिनसलं म्हणून, असंच आपल्याकडे धरून चालतात. विचारणाऱ्याच्या मनात काळजीच असते. पण काहीही बिनसलेलं नसताना, घर नीट चाललेलं असताना, एक दिवस स्वतःच्या संगतीत काढावासा वाटणं ही निरोगी भूक आहे. तिच्यासाठी कारण द्यावं लागू नये, असं मला मनापासून वाटतं.

गर्दीची वेळ टळल्यावर निघालं की बायकांच्या डब्यात खिडकी मिळते. रोजच्या मैत्रिणी केव्हाच पुढे गेलेल्या असतात. त्या डब्यात मी मटार सोललेत, हळदीकुंकू केलंय, एकीचं डोहाळजेवणही पाहिलंय. त्या सोबतीचं ऋण मोठं आहे. तरी खिडकी ती खिडकीच. मुद्दाम स्लो लोकल धरावी. मुंब्र्याला एका अंगाला पारसिकचा डोंगर असतो, दुसऱ्या अंगाला खाडी. तिवरं, चिखल, त्यात उभे बगळे. कळवा सोडल्यावर ठाण्याच्या पुलाखाली पुन्हा तेच पाणी. सकाळच्या गाडीत हे सगळं कुणाच्यातरी खांद्यामागे असतं.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली. पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले. त्याआधी शेकडो वर्षं इथला मोठा रस्ता पाण्याचाच होता. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीच्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याणचं नाव बंदर म्हणून आहे. कान्हेरीच्या लेण्यांना दान देणाऱ्यांत कल्याणचे व्यापारी आहेत. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि याच खाडीत मराठ्यांच्या आरमाराची पहिली जहाजं बांधली जाऊ लागली. गलबत कधी सुटायचं हे तेव्हा भरती ठरवायची. म्हणजे वेळापत्रक आपल्याला आगगाडीने दिलं असं नाही. आधीही एक होतंच. ते आकाशात होतं.

ते वाचायची रीत मला आमच्या मासळीबाजारातल्या एका मावशींनी सांगितली. तिथीची पाऊणपट करायची, की मुंबईच्या किनाऱ्यावर भरती पुरी होण्याची वेळ साधारण मिळते. चतुर्थीला तीन. द्वादशीला नऊ. पौर्णिमेला सव्वाअकरा. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. दिवसाचा आकडा तोच रात्रीलाही, थोड्या फरकाने. आपल्या आजोबांच्या पिढीने शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी हे अपूर्णांकांचे पाढे घोकले होते. मला ते कधी शिकवले नाहीत. आता वाटतं, निदान पाऊणकी तरी यायला हवी होती.

या हिशेबात एक मोठी गंमत आहे. भरती रोज जवळजवळ पाऊण तास पुढे सरकते. समुद्राला उशीर झाला असं मात्र कुणी म्हणत नाही.

मी गेले ती अष्टमी होती, थंडीतली. आठाचे पाऊणपट सहा. म्हणजे दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी, आणि पाणी पुरं चढणार ते संध्याकाळी, सूर्य मावळायच्या बेताला. अष्टमीला भांग असतो. पौर्णिमा-अमावास्येचं उधाण नसतं. पाणी फार चढत नाही, फार उतरत नाही. एकट्या माणसाला असा शांत समुद्र बरा.

मरीन ड्राइव्हला पोचले तेव्हा खडक उघडे होते. दुपारचं ऊन कट्ट्यावर बसू देत नाही, म्हणून मधला वेळ जहांगीर आर्ट गॅलरीत काढला. चित्रं पाहिली, कळली तितकी. डबा भूक लागेपर्यंत उघडला नाही. हे लिहायला फार लहान वाटतं. पण एरवी डबा उघडायची वेळ घड्याळाची असते, पोटाची नसते.

चारला कट्ट्यावर परत आले.

मरीन ड्राइव्हचा तो साडेतीन किलोमीटरचा वळसा भराव घालून मिळवलेल्या जमिनीवर आहे. मागे आर्ट डेको इमारतींची रांग आहे. २०१८ मध्ये युनेस्कोने मुंबईच्या आर्ट डेको आणि व्हिक्टोरियन गॉथिक वास्तूंना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हा ही रांगही त्यात गेली. आणि कट्ट्यावर बसलेले सगळे त्या वारशाकडे पाठ करून बसतात. कुणाचं त्यात काही चुकत नाही.

पहिला तास मन डोंबिवलीतच होतं. गॅसचा नंबर लावायचाय. आईच्या गोळ्या संपत आल्यात. सोसायटीची मीटिंग. एकेक गोष्ट यायची, आणि मी तिथल्या तिथे काही करू शकत नाही हे कळल्यावर निघून जायची. घरी याच गोष्टी गेल्या नसत्या, कारण तिथे उठून काहीतरी करता येतं. दूर असण्याचा उपयोग मला त्या कट्ट्यावर समजला. काही करता येत नाही, म्हणून काही करावं लागत नाही.

माझ्या डावीकडे ऑफिसची बॅग मांडीवर घेतलेला एक मुलगा होता. उजवीकडे एक आजी, चपला काढून, पाय वर घेऊन बसलेल्या. आम्ही एकमेकांशी बोललो नाही. टाळलं असंही नाही. घरात एकांत हवा तर दार लावावं लागतं, आणि दार लावलं की बाहेरच्याला ते लागतं. इथे तिघांचा एकांत एकाच कट्ट्यावर, हाताच्या अंतरावर मावला होता. हजार माणसांत एकटं बसण्याची ही सोय मुंबईने फुकट ठेवली आहे. आपण रोज तिच्याजवळून परत फिरतो.

पाणी वर येताना दिसत नाही. आलेलं दिसतं. मघाचा एक काळा खडक शोधू गेले तर तो नव्हता. टेट्रापॉडच्या फटींतून खालून आवाज यायला लागला होता. सहाला मी घड्याळ पाहिलं. कट्ट्यावर बसल्यापासून पहिल्यांदाच, आणि तेही मावशींचा हिशेब पडताळायला. हिशेब बरोबर होता.

परतीच्या गाडीत घाटकोपरपर्यंत उभी होते. गर्दी तीच, घामाचा वासही तोच. एक दिवस समुद्राकाठी बसून यात काही बदलत नाही, आणि बदलेल असं धरून कुणी जाऊही नये.

तरी एक गोष्ट सोबत आली. उल्हास नदी वसईच्या खाडीवाटे समुद्राला मिळते. त्याच वाटेने भरती आत शिरते, घोडबंदर ओलांडते आणि डोंबिवलीच्या मोठागाव रेतीबंदरावरून कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्याखाली येते. रोज दोनदा. मी कपडे वाळत घालत असते तेव्हा, मी गाडीत असते तेव्हा, मी झोपलेली असते तेव्हा. समुद्र पाहायला मी रजा काढून पन्नास किलोमीटर गेले. तो मात्र माझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर येऊन जात होता.

इथे पाणी मुंबईपेक्षा उशिरा चढतं. त्यामुळे नुसती पाऊणपट पुरत नाही, वर काही मिळवावं लागतं. किती, ते रेतीबंदरावरच्या कोळ्यांना पाठ असणार. रविवारी जाऊन विचारते. एकटीच जाईन. घरी विचारलं तर या वेळी सांगायला कामही आहे.