वाणसामानाची यादी आणि बरकत



महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आपल्या घराघरांत एक यादी तयार होते. गहू, तांदूळ, तूरडाळ, तेल, साखर, चहापत्ती, साबण. घर कोंढव्याच्या इमारतीतले असो वा मोमीनपुऱ्यातल्या दोन खोल्यांचे, यादी बहुधा स्त्रीच्या हातची असते आणि पैसे पुरुषाच्या हातचे. वीस तारीख उलटली, डबे रिकामे होऊ लागले, की याच यादीवरून घरात शब्दाला शब्द लागतो. "एवढे पैसे जातात कुठे?" हा प्रश्न कितीतरी घरांतील शांती हिरावून घेत आहे, आणि तरीही आपण त्याला धर्मचर्चेच्या बाहेर ठेवतो.

पवित्र कुरआनने तो बाहेर ठेवलेला नाही. सूरह अल्-फुरकानच्या अखेरीस परमदयाळू अल्लाहच्या दासांची लक्षणे सांगितली आहेत. प्रथम त्यांची नम्र चाल, मग रात्रीचे सजदे, मग नरकाग्नीपासून आश्रयाची प्रार्थना, आणि लगेच ६७व्या आयतीत त्यांचा खर्च: तो उधळपट्टीचा नसतो आणि कंजूषपणाचाही नसतो, त्या दोहोंच्या मधला असतो. शिर्क, हत्या आणि व्यभिचार यांचा निषेध त्यानंतर येतो. हा क्रम लक्षात घेतला, तर वाणसामानाची यादी मुसल्ल्यापासून फार दूर नाही हे उमगते.

पुण्यात उन्हाळ्यात वर्षाचे धान्य भरण्याची रीत होती. भवानी पेठेतून, पुढे गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून गव्हाची पोती येत. धान्याला कडक ऊन दाखवले जाई, डब्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला पडे, डाळीला एरंडेल चोळले जाई. हंगामात दर उतरलेला असे आणि वर्षभराची चिंता मिटे. काही धर्मशील मंडळींना मात्र असे भरून ठेवणे तवक्कुलच्या विरुद्ध वाटते. त्यांनी सूरह यूसुफ पुन्हा वाचावी. ह. यूसुफ (अ.) यांनी दुष्काळापूर्वीच्या सात वर्षांचे पीक कणसांतच राखून ठेवण्यास सांगितले आणि लागेल तेवढेच खाण्यासाठी काढण्याची मर्यादा घातली. सहीह बुखारीत ह. उमर (रजि.) यांच्याकडून उल्लेख आहे, की आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) बनू नज़ीरच्या बागांतील खजूर विकून आपल्या कुटुंबीयांसाठी वर्षाचे अन्न राखून ठेवीत. अल्लाहवर त्यांच्याहून अधिक भरवसा कोणाचा असेल?

मात्र साठवण आणि साठेबाजी यांत फरक आहे. भाव चढावा म्हणून धान्य दडवणाऱ्याला हदीसमध्ये अपराधी म्हटले आहे. सन २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदीच्या बातमीने दुकाने रिकामी झाली, तेव्हा ज्यांनी चार-चार पोती घरात ओढली त्यांचा हेतू नफ्याचा नव्हता. पण रोजच्या कमाईवर रोजचे पीठ आणणारा मजूर त्यांच्यामागे रांगेत उभा होता, हेही खरे.

अडचण अशी, की स्वस्त धान्य एकदम घ्यायला एकरकमी पैसा लागतो. ज्याच्याकडे तो नाही तो पाव-पाव किलो घेतो आणि गरीब असूनही महाग खातो. यावर उपाय आपल्या मोहल्ल्यातच आहे. चार-पाच घरांनी मिळून पोते आणावे आणि वाटून घ्यावे. भिशीही चालेल, परंतु जिच्यात बोली लावून कमी रकमेवर उचल घेतली जाते ती भिशी नको, तिच्यात व्याज शिरते. मोबाइलवर झटपट मिळणाऱ्या कर्जाने किराणा भरणाऱ्यांना वेगळे काय सांगावे! एक साधी गोष्ट भगिनींसाठी: एक लिटर तेलाचे वजन सुमारे ९१० ग्रॅम भरते. म्हणून लिटरची पिशवी आणि किलोची पिशवी यांचे दर सरळ ताडून पाहू नयेत, हिशेब करून मगच घ्यावे. नीट मोजून घेणे हा कंजूषपणा नव्हे.

पण सगळी बचत बचत नसते. महात्मा फुले मंडईत (जिच्या बांधकामावरील खर्चाला नगरपालिकेचे सभासद म्हणून जोतीरावांनीच विरोध केला होता, आणि आज तिला नाव त्यांचे!) जमिनीवर पोते पसरून बसलेल्या म्हातारीशी मेथीच्या जुडीसाठी आपण दोन रुपयांची घासाघीस करतो. तेच आपण मोठ्या दुकानात छापील किंमत मुकाट्याने देतो. खरेदी-विक्रीत सौम्यपणे वागणाऱ्यासाठी प्रेषितांनी (स.) अल्लाहच्या कृपेची दुआ केली आहे, त्या दुआची किंमत दोन रुपयांहून अधिक असावी.

तसेच रेशनचे. जानेवारी २०२३ पासून अन्नसुरक्षा कायद्याखालील धान्य मोफत मिळते, प्राधान्य कुटुंबांना माणशी पाच किलो. ज्याचा हक्क आहे त्याने ते निःसंकोच घ्यावे, त्यात कमीपणा नाही. मात्र कमाई लपवून कार्ड टिकवायचे आणि तो तांदूळ परस्पर विकायचा, ही बचत कोणत्या तोंडाने हलाल म्हणायची?

आणखी एक बचत पुरुष करतात: घरखर्चाचा पैसाच आखडता देतात. ह. हिंद बिन्त उतबा (रजि.) यांनी पती ह. अबू सुफियान (रजि.) यांच्या हात राखण्याची तक्रार केली, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना स्वतःपुरते आणि मुलांपुरते रीतीप्रमाणे घेण्याची मुभा दिली. चहा-पानात रोज चाळीस रुपये घालवणारा गृहस्थ वर्षाला १४,६०० रुपये खर्चतो आणि पत्नीला तेलाचा हिशेब विचारतो. पत्नीच्या यादीआधी त्याने स्वतःची यादी करावी.

उरलेल्या अन्नाचे काय? रोज दोन चपात्या वाया गेल्या तर महिन्याला साठ, म्हणजे जवळपास दोन किलो पीठ. प्रेषितांनी (स.) खाली पडलेला घास झटकून खाण्यास सांगितले, कारण अन्नाच्या कोणत्या भागात बरकत आहे हे आपल्याला ठाऊक नसते. रमज़ानमध्ये तर, रोज़ा असूनही, आपला खर्च उलट वाढतो. इफ्तारच्या दस्तरख्वानावर निम्मी भजी तशीच पडून असतात.

सहीह मुस्लिममध्ये ह. अबू ज़र (रजि.) यांना केलेला एक उपदेश आहे. शोरबा शिजवशील तेव्हा पाणी जास्त घाल आणि शेजाऱ्यांची आठवण ठेव, असा त्याचा आशय. हे स्वयंपाकघराचे गणित पाहा: मांस वाढवायला सांगितले नाही, पाणी वाढवायला सांगितले. खर्च तेवढाच, आणि खाणारे वाढले. तुमच्या जिन्यावर पलीकडच्या दारात कोणाचे काम सुटले आहे, कोणाकडे गॅस संपला आहे, हे तुम्हाला माहीत असेलच. पुढच्या महिन्याची यादी लिहाल तेव्हा डाळीच्या ओळीत पाव किलो त्यांच्या नावाने धरा, आणि रात्री आमटीत एक तांब्या पाणी अधिक ओता.