मोतिया पंखांतल्या रित्या जागा



दक्षिण अमेरिकेत, कोलंबियापासून खाली पेरूपर्यंत, अँडीजच्या उतारांवर धुक्यात बुडालेली जंगलं आहेत. फांद्यांवर शेवाळाचे थर, पानापानांतून ठिबकणारं पाणी. सकाळी धुकं विरून ऊन उतरलं, की बांबूच्या बेटांवरून एक मोठं पांढरं फुलपाखरू तरंगत जातं. त्याचं नाव मॉर्फो सुल्कोव्स्की. व्हिन्सेंट कोलार या ऑस्ट्रियन कीटकशास्त्रज्ञाने १८५० मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली.

पांढरं म्हटलं खरं, पण पंख जरासा कलला की त्यावरून निळी-जांभळी झाक सरकते, शिंपल्याच्या आतल्या बाजूला दिसते तशी. हा रंग कुठून येतो? पंखांत निळं रंगद्रव्य मुळीच नाही. पंखावरच्या प्रत्येक खवल्यावर बारीक कंगोरे असतात, आणि प्रत्येक कंगोऱ्याला एकावर एक पातळ पदर. दोन पदरांमध्ये फट, फटीत हवा. प्रकाश या पदरांवरून परततो, तेव्हा त्यातला निळा भाग उजळून निघतो. याच कुळातल्या गर्द निळ्या फुलपाखरांमध्ये खाली काळं रंगद्रव्य असतं, ते बाकीचा प्रकाश गिळून टाकतं. इथे ते जवळजवळ नाहीच, म्हणून निळ्यात पांढरा मिसळतो आणि मोत्याची झळाळी येते.

मला अप्रूप वाटतं ते त्या फटींचं. पदरांइतकाच वाटा त्या रित्या जागांचा आहे. २००७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी याच फुलपाखराच्या पंखांवर निरनिराळ्या वाफा सोडून पाहिल्या. पाण्याची वाफ, अल्कोहोलची वाफ. प्रत्येक वेळी परतणारा प्रकाश वेगळा बदलला. कुठली वाफ आली, हे त्या बदलावरून ओळखता येऊ लागलं. आपल्या मनातही अशी थोडी जागा मोकळी असते का, नवं काही आलं तर ते उमटायला? मी तर सकाळी उठल्याबरोबर ती भरायलाच लागते.

ही झाक रंगद्रव्याची नसल्याने फुलपाखरू मेल्यावरही विटत नाही. त्यामुळेच ही फुलपाखरं टाचून, चौकटीत बसवून विकली जातात. ते पाहून मन खट्टू होतं. या फुलपाखराची अळी वाढते चुस्किया नावाच्या डोंगरी बांबूच्या पानांवर, आणि अँडीजमधली ही जंगलं गुरांच्या कुरणांसाठी तोडली जात आहेत. चौकटीतल्या पंखाची चमक टिकेल, पण अळीला मात्र हिरवा बांबूच हवा.