मिश्र भावना म्हणे!

परवा मैदानाच्या फाटकाशी तू गाडी पुसत होतास. हातातलं फडकं निळं होतं. जवळ आलो तेव्हा दिसलं, त्यावर १९ आकडा आहे आणि वर अर्धवट उडालेलं नाव. माउंट. मी काही बोललो नाही. मग तूच विषय काढलास, कॉनर गॅलागरचा. चेल्सीनं त्याला विकलं त्याला किती दिवस झाले, तरी तुझं दळण चालूच. "काय सांगू सर, मिश्र भावना आहेत. एकीकडे वाईट वाटतं, आपल्याच अकादमीतला पोरगा. पण क्लबचा हिशेबही बघायला हवा ना?"

मिश्र भावना! एका घरच्या पोराच्या नावानं चाक पुसतोस आणि दुसऱ्यासाठी गळा काढतोस. लाज वाटली नाही?

समोर लहान पोरं धावत होती म्हणून तेव्हा गप्प बसलो. आता ऐक. मधे बोलू नकोस.

गॅलागर चेल्सीच्या अकादमीत आला तेव्हा आठ वर्षांचा होता. मोठा झाल्यावर क्लबनं त्याला चार ठिकाणी उसना धाडला. चार्लटन, स्वॉन्झी, वेस्ट ब्रॉम, क्रिस्टल पॅलेस. कुठेही कुरकुर नाही, जाईल तिथे राबला. परत आला आणि २०२३-२४च्या मोसमात लीगच्या ३८ पैकी ३७ सामने खेळला. रीस जेम्स जखमी, चिलवेल जखमी, म्हणून कप्तानाची पट्टीही बहुतेक वेळा याच्याच दंडावर. आणि त्या अख्ख्या मोसमात तू काय म्हणत होतास? "पाय आहेत सर, डोकं नाही. याचे पैसे येत असतील तर सोडावं." आठवतं का? मला आठवतं, कारण माझ्याच घरी, माझ्याच टीव्हीसमोर म्हणालास.

तो सामनाही आठवतो. त्याचा एक पास आखूड पडला. तू कपाळावर हात मारलास, शिवी हासडलीस. माझी नात शेजारी बसली होती, तेवढंही भान राहिलं नाही. त्याच पोरानं पुढच्या दहा सेकंदांत मागे वळून अर्धं मैदान पळत कापलं, घसरून चेंडू हिसकावला आणि उठून पुन्हा पुढे धावला. ते तू पाहिलंस? नाही. तू मान खाली घालून मोबाइलवर बघत होतास, उन्हाळ्यात कोण नवा येणार ते. चूक बघायला डोळे वर आणि भरपाईच्या वेळी डोळे खाली. अशानं खेळाडू कळतो का रे?

२०२४च्या ऑगस्टमध्ये तो ॲटलेटिको माद्रिदला गेला, सुमारे ३ कोटी ४० लाख पाउंडांना. त्याच दिवसांत त्याच क्लबकडून जोआव फेलिक्स चेल्सीत आला, गॅलागरपेक्षा जास्त पैसे मोजून. त्या रात्री तुझा मला निरोप होता, "सर, फेलिक्स!!" दोन उद्गारचिन्हं होती. गॅलागरसाठी एक शब्द नव्हता. पाच महिन्यांत फेलिक्स मिलानला उसना गेला आणि पुढच्या उन्हाळ्यात सौदी अरेबियाला. तेव्हा कुठे तुला गॅलागर आठवला. याला दुःख म्हणत नाहीत. हे वरातीमागून घोडं झालं.

आता तुझ्या सबबी घेऊ. पाठ आहेत मला.

पहिली सबब, "नियमांमुळे विकावं लागतं सर." प्रीमियर लीगचा नियम तुला माझ्यापेक्षा चांगला कळतो, कारण तू वाणिज्य शाखेचा. गॅलागर विकला तेव्हा तीन वर्षांत मिळून साडेदहा कोटी पाउंडांपेक्षा जास्त तोटा चालत नव्हता. पाच कोटींना खेळाडू घेतला आणि पाच वर्षांचा करार केला, तर दरवर्षी एक कोटी खर्ची पडतो. यंत्रावर घसारा लावतात तसा. अकादमीतल्या पोराची मात्र खतावणीत किंमतच नसते, म्हणून तो विकला की आलेला पै न पै त्याच वर्षीचा नफा. आठव्या वर्षापासून वाढवलेलं पोर वहीत शून्य! हे सगळं तू मला फळ्यावर आकडे मांडून समजावलंस. शाबास. मग पुढचा आकडा का नाही मांडलास? तो तोटा आला कुठून? दर उन्हाळ्यात नवा गडी, दर जानेवारीत नवा गडी, यासाठी ओरडत कोण होतं? वही बिघडली ती खरेदीनं. ती बिघडत होती तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत तू पुढे होतास. आणि आता नियमावर खापर फोडतोस?

दुसरी सबब, "हे अमेरिकन मालक आले आणि सगळं बिघडलं." बरं. मग २०२१च्या उन्हाळ्याचं बोल. तेव्हा मालक अब्रामोविच होता. तिजोरी भरलेली होती. मे महिन्यात पोर्तोला चॅम्पियन्स लीग जिंकली होती. हॅवर्ट्झच्या त्या एकमेव गोलाला पास दिला माउंटनं, घरच्या पोरानं. मागे रीस जेम्स, तोही घरचाच. घरची पोरं काय करू शकतात हे अख्ख्या युरोपनं पाहिलं. आणि त्यानंतरच्या तीन महिन्यांत काय झालं? टोमोरी मिलानला. ग्वेही पॅलेसला. टॅमी एब्रहॅम रोमाला. लिव्हरामेंटो साउदॅम्प्टनला. तो तर अवघा अठरा वर्षांचा होता आणि त्याच वर्षी अकादमीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. चौघांचे मिळून जेवढे आले त्याहून जास्त एकट्या लुकाकूवर गेले. ९ कोटी ७५ लाख पाउंड!

तेव्हा तुझ्या मिश्र भावना कुठे होत्या? मी सांगतो. नव्हत्याच. निव्वळ आनंद होता. लुकाकूनं पहिल्याच सामन्यात आर्सेनलला गोल मारला त्या रात्री तू आणि तुझी टोळी गल्लीत गाड्या घेऊन फिरलात. वर्षअखेरीस तोच लुकाकू इटलीच्या वाहिनीवर आपली नाराजी सांगत बसला आणि पुढच्या उन्हाळ्यात इंटरला उसना गेला. टोमोरी त्याआधीच इटलीचा विजेता झाला होता. आणि २०२५च्या मे महिन्यात ग्वेहीनं वेम्ब्लीवर एफए कप उचलला, पॅलेसचा कप्तान म्हणून. पॅलेसच्या इतिहासातला पहिला मोठा चषक. त्या दिवशी तू काय म्हणालास? "आपला होता सर तो."

आपला? एक कोटी ऐंशी लाख पाउंडांच्या आसपास घेऊन त्याला वाटेला लावला तेव्हा कुणाचा होता? पिकतं तिथं विकत नाही, ही म्हण तू शाळेत माझ्याकडूनच ऐकलीस ना?

आणि तो कोल पामर. त्याच्यावर तुझा फार जीव. माझाही आहे. पण तो कुणाचा पोरगा? मँचेस्टर सिटीच्या अकादमीत लहानाचा मोठा झाला. २०२३च्या ऑगस्टमध्ये सुपर कपात सेव्हियाविरुद्ध सिटीसाठी गोल केला आणि सोळा दिवसांनी विकला गेला. चेल्सीत आल्यावर पहिल्याच मोसमात लीगमध्ये २२ गोल. त्याच्या प्रत्येक गोलाला मँचेस्टरमधला कुणीतरी तुझ्यासारखाच हात चोळत बसला असेल. त्याचा विचार कधी केलास? नाही. दुसऱ्याच्या घरचं पोर आलं की हुशार खरेदी, आपलं गेलं की काळजाला घरं. आणि दोन्हींच्या मधे उभा राहून वर म्हणायचं, मिश्र भावना. हे तळ्यात-मळ्यात किती दिवस चालणार?

एक गोष्ट मान्य करतो. प्रत्येक घरचं पोर पहिल्या संघात बसेलच असं नाही. काहींना सोडावंच लागतं, आणि सोडल्यामुळे त्यांचंही भलं होतं. गॅलागर संघाच्या खेळात बसत नव्हता असं तुझं प्रामाणिक मत असेल, तर ठामपणे सांग. चूक असलास तरी मी ऐकून घेईन. पण मग रडू नकोस. आणि तो राहायला हवा होता असं मत असेल, तर तो निळ्या कपड्यांत धावत होता तेव्हा बोलायचं होतंस. मत नसणं आणि मन हळवं असणं यात फरक आहे. तुला अजून मत बनवायचंय. कष्ट पडतात त्याला, म्हणून टाळतोस.

हे सगळं दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी तोंड उघडलं नसतं. तुझं तसं नाही. सतरा वर्षांचा होतास तेव्हा तुला मी स्टॉपरला उभा केला. पहिल्याच सामन्यात तुझ्या पायातून चेंडू निसटला आणि गोल झाला. दुसऱ्या सामन्यात तू मागे पास दिलास तो थेट समोरच्याच्या पायात. बाहेर उभे असलेले मोठे लोक हसले. एकानं मला सरळ विचारलं, "सर, याला किती दिवस खेळवणार?" तू ते ऐकलंस. रात्री माझ्या दारात येऊन उभा राहिलास, बूट हातात. म्हणालास, मला बसवा, माझ्यानं होणार नाही. मी बूट परत तुझ्या हातात दिले. सलग सहा सामने खेळवलं. सातव्यात तू अख्खा सामना एकही माणूस पुढे जाऊ दिला नाहीस.

ते सहा सामने कसे असतात हे तुला ठाऊक आहे. बाहेरून येणारा एकेक सुस्कारा पाठीत कसा रुततो हेही ठाऊक आहे. ठाऊक असून तू तोच सुस्कारा एखाद्या पोरावर टाकतोस, ही माझी तक्रार आहे. आवाज लंडनला पोचत नाही म्हणशील. तुझ्या शेजारी बसलेल्या, आपल्या मैदानावर खेळणाऱ्या पोरांपर्यंत तो पोचतो. ती तुझ्याकडे बघूनच खेळ बघायला शिकतात.

पुढच्या सामन्याला माझ्याकडे ये. रात्री दीडचा असला तरी ये, दार उघडं ठेवतो. जॉश अचेम्पाँगसारखं एखादं पोर मैदानात उतरेल, क्लबमध्ये बालपणापासून वाढलेलं. त्याचा पहिला पास चुकेल कदाचित. मोबाइल खिशात ठेव, कपाळावर हात मारू नकोस, आणि चुकल्यानंतर ते पोर काय करतं ते बघ.

आणि ती जर्सी धुऊन घडी घालून ठेव. गाडी पुसायला फडकं माझ्याकडून घेऊन जा.