पत्रकाच्या आधीचं काम

१९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिच्यामागे इंदापूर तालुक्यातलं बावडा होतं. तिथल्या दलित वस्तीवर गावाने बहिष्कार टाकला होता. बावडा आपल्याच पुणे जिल्ह्यातलं, आमच्या कोळवणपासून दुसऱ्या टोकाला. परभणीतल्या ब्राह्मणगावात दलित बायकांची विटंबना झाली, तीही त्याच सुमारास. नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले हे तिचे म्होरके, लिहिते-वाचते तरुण. वडाळ्याचं सिद्धार्थ विहार वसतिगृह हा चळवळीचा अड्डा. नाव त्यांनी अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडून घेतलं, संताप मात्र इथला होता.

अमेरिकेशी जोडणारा हा धागा तसा जुना. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेत गुलामी मोडणाऱ्यांना अर्पण केली. १९४६ साली बाबासाहेबांनी विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहून काळ्या जनतेने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. नुसती आपुलकी कळवली नाही, कामाचा कागद मागितला.

आज कॉलेजातल्या मुलांना ब्लॅक पँथरची काळी टोपी आणि बंदूक ठाऊक असते. मला जो अ‍ॅन रॉबिन्सन अधिक मोलाच्या वाटतात. १ डिसेंबर १९५५ला अमेरिकेतल्या माँटगोमेरीत रोझा पार्क्स या काळ्या बाईंनी बसमधली जागा गोऱ्या उतारूसाठी सोडली नाही म्हणून त्यांना अटक झाली. त्या रात्री कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या रॉबिन्सनबाई एक सहकारी आणि दोन विद्यार्थ्यांना घेऊन कॉलेजच्याच सायक्लोस्टाइल यंत्रापाशी बसल्या. एका कागदावर मजकूर तीनदा छापायचा आणि कापायचा. पहाटेपर्यंत हजारो पत्रकं तयार. एका रात्रीत हे जमलं, कारण बसवर बहिष्कार टाकण्याचा विचार त्यांच्या महिला संघटनेत आधीपासून चालला होता. तो बहिष्कार ३८१ दिवस टिकला. बावड्यात जे दांडग्यांचं हत्यार होतं, ते इथे नाडलेल्यांनी हाती घेतलं.

दलित पँथर अशा आधीच्या बांधणीतच कमी पडली, असं मला वाटतं. जानेवारी १९७४मध्ये मुंबईत मोर्चात भागवत जाधव मारला गेला. त्याच वर्षी संघटनेत फूट पडली. सभा पेटवणारे पुष्कळ होते, छावण्या, म्हणजे संघटनेच्या शाखा, बांधून ठेवणारे थोडे. तरीही गावोगावचा अत्याचार त्यांनी सरकारच्या दारात नेऊन ठेवला, हे ऋण मोठं आहे.

आमच्या कोळवण खोऱ्यातून पौडमार्गे पुण्याला शिकायला जाणाऱ्या मुलामुलींनो, घोषणा जरूर द्या, पण कॉलेजच्या फाटकाशी थांबू नका. कुणाची शिष्यवृत्ती अडली, वसतिगृहात कुणाला जागा नाकारली, गावात कुणाला पाणवठ्यावर अडवलं, याची एक वही ठेवा. आणि सुटीत गावी आलात की ती वही घेऊन चौघं मिळून पौडच्या तहसील कचेरीत जा.