फोटोतली वाडी आणि सातबाऱ्यावरची वाडी

नाताळच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही परदेशी असलेली मंडळी वसईला घरी येतो आणि फोटो काढत सुटतो. केळीच्या वाडीत शिरणारे सकाळचे ऊन, पानवेलींची हिरवी रांग, विहिरीवरचा जुना रहाट, वेशीवरचा क्रूस, भुईगावच्या किनाऱ्यावरची सुरूची झाडे, लाल लुगड्यातली आजी. पूर्वी कॅमेऱ्याच्या एका रोलमध्ये ३६ फोटो बसत, त्यामुळे माणूस जपून बटण दाबायचा. आता ३६ फोटो एका बावखलाच्या काठीच होतात. मग वर्षभर आखातातल्या किंवा कॅनडातल्या खोलीत आम्ही तेच फोटो पुन्हा पुन्हा पाहत बसतो.

यात वाईट काय? काहीच नाही. दूर गेलेल्या माणसाला घरची आठवण येणारच. आईचा फोटो पाकिटात ठेवणे हे जसे प्रेम, तसेच गावाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवणे हेही प्रेमच. प्रश्न एवढाच की, हे प्रेम गावाच्या काही उपयोगी पडते का?

फोटो काढताना आम्ही थोडे डावीकडे सरकतो, म्हणजे मागची चार मजली इमारत दिसत नाही. विजेच्या तारा, प्लास्टिकचा ढीग, पाण्याचा टँकर चौकटीबाहेर राहतात. याला खोटेपणा म्हणता येणार नाही. सुंदर ते निवडणे हा प्रेमाचा स्वभावच आहे. अडचण पुढे येते. तोच फोटो पाहून पाहून गाव तसेच राहावे असा मनात हट्ट तयार होतो. चुलतभावाने कौलारू घर पाडून स्लॅबचे बांधले की 'गावाची सगळी मजा गेली' असे उद्गार निघतात. पण गळक्या कौलांखाली पावसाळा त्याला काढायचा असतो. आम्ही वातानुकूलित खोलीत राहावे आणि त्याने आमच्या फोटोसाठी दरवर्षी घर शाकारत बसावे, हा न्याय झाला का?

मग हवे तसे बदलावे, सारे विकून टाकावे, असे म्हणायचे का? तेही नाही. बावखलाचेच उदाहरण घ्या. आपल्या वाडवडिलांनी ती हाताने खणली. पावसाचे पाणी त्यांत साठते, जमिनीत मुरते आणि आसपासच्या विहिरींना गोडे पाणी पुरवते. समुद्राजवळच्या जमिनीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. पाऊस मुरला नाही किंवा पंपाने फार उपसा झाला की खारे पाणी वर चढते, विहीर मचूळ होते आणि केळी, पानवेली, मोगरा सारेच संकटात येतात. जुलै २०१८ मध्ये वसई तालुक्याचे मोठे भाग पाण्याखाली गेले, तो अनुभव सर्वांच्या लक्षात आहे. त्या पुराची कारणे अनेक होती. पाण्याच्या जागा बुजणे हे त्यांतले एक. १९८०च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईचे आंदोलन उभे राहिले, तेही या पाण्यासाठी आणि जमिनीसाठी. फादर २०२४ मध्ये आपल्यातून गेले. प्रश्न मात्र आहे तिथेच आहे.

आता मुख्य मुद्दा. ज्या वाडीचा फोटो आम्ही काढतो तिच्या सातबाऱ्यावर पुष्कळदा आमचेही नाव असते. मृत्युपत्र केलेले नसेल तर १९२५च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे ख्रिस्ती कुटुंबात मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखाच असतो. दुबईला नोकरी करणारा भाऊ आणि टोरंटोला दिलेली बहीण, दोघेही वारस. वाडी विकायची ठरली की परदेशातल्या वारसाचे मुखत्यारपत्र लागते, आणि तो तिथल्या भारतीय वकिलातीत जाऊन ते साक्षांकित करून पाठवतो. म्हणजे फोटो काढणारा हात आणि सही करणारा हात एकच! फोटो आमच्याकडे काहीच मागत नाही. सही मात्र पुढच्या पिढ्यांचाही निर्णय करून टाकते.

हा निर्णय सोपा नाही. वाडीत राबणारा भाऊ आता साठी-सत्तरीला आला आहे. मजूर मिळत नाहीत, मालाला भाव नाही, घरात आजारपण आहे. त्याने 'आता विकू या' म्हटले तर त्याला दोष देण्याचा अधिकार आम्हाला पोहोचत नाही. आम्हाला असे वाटते की, ज्याला वाडी टिकावी असे वाटते त्याने टिकवण्याच्या खर्चात आपला वाटा उचलावा. जो वाडी कसतो त्याच्याकडे उत्पन्नाचा हिस्सा मागू नये. पावसाळ्याआधी बावखलातला गाळ काढायचा ठरला तर पैसे पाठवावेत. आणि त्या वेळी गावी असलो तर फावडे हाती घ्यावे. यांतले काहीच जमणार नसेल, तर निदान भावाच्या निर्णयावर दुरून उसासे टाकू नयेत.

आमचे फोटोही उपयोगी पडू शकतात. थोडी तसदी घ्यावी लागेल इतकेच. फोटोबरोबर तारीख, आळीचे नाव आणि बावखलाचे नाव लिहून ठेवावे. उद्या कुणी 'इथे कधी पाणी नव्हतेच' असे म्हणाला, तर तारखेसह ठेवलेला फोटो साक्ष देईल. एरवी चौकटीबाहेर ठेवतो तो भरावाचा ढीगही एकदा टिपावा. आणि वाडीत काम करणाऱ्या माणसाचा फोटो त्याला विचारूनच काढावा. भर उन्हात वाकून भाजी खुडणारी बाई ही कुणाच्या फोटोची सजावट नव्हे. तिला आधी हाक मारावी, चार शब्द बोलावे, घरच्यांची चौकशी करावी. ती नको म्हणाली तर मोबाईल खिशात ठेवावा.

आल्बममधल्या विहिरीचे पाणी कुणाला पिता येत नाही, हे आम्ही दूर राहणाऱ्यांनी लक्षात ठेवलेले बरे. या सुट्टीत फोटो जरूर काढू या. पण त्याचबरोबर एक संध्याकाळ राखून ठेवू या. सर्व भावंडांनी घरच्या ओटीवर एकत्र बसावे, सातबारा समोर ठेवावा आणि वाडीचे पुढे काय करायचे, तिचा भार कुणी किती उचलायचा, हे मोकळेपणाने बोलावे. जो रोज वाडीत उतरतो, त्याला त्या बैठकीत सर्वांत आधी बोलू द्यावे.