कथाकाराचें देणें

कथा सांगणारा आपल्या श्रोत्यास कांहीं देणें लागतो काय, आणि लागत असल्यास तें नेमकें कोणतें, हा प्रश्न साहित्यशास्त्राचा कीं नीतिशास्त्राचा, याविषयीं मतभेद होऊं शकेल. आम्हांस तो नीतिशास्त्राचा वाटतो. आणि तसें वाटण्यास जें निमित्त झालें तें इतकें अनपेक्षित आहे कीं, आमचे समवयस्क वाचक थोडीशी थट्टा करणार हें आम्ही गृहीत धरूनच चाललों आहों. निमित्त एका व्हिडिओ गेमचें आहे.

आमचा एक भाचा उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या येथें राहावयास आला असतां 'हेलो ५ : गार्डियन्स' नांवाचा खेळ रोज संध्याकाळीं खेळत असे. पडद्यावरचें सारें जग एका सैनिकाच्या डोळ्यांनीं दिसतें, पुढें एक बंदूक असते, आणि जें आडवें येईल त्यावर ती झाडावयाची असते. पहिल्या दिवशीं आम्ही त्याच्या शेजारीं बसलों ते उपहासबुद्धीनें. दुसऱ्या दिवशीं कुतूहलानें. आणि चौथ्या दिवशीं त्याच्याइतकेच चिडून उठलों. चिडण्याचें कारण बंदूक नव्हे, कथा होती.

ह्या मालिकेचा आरंभ २००१ सालीं बंजी नांवाच्या अमेरिकन संस्थेनें केला. पुढें ती मायक्रोसॉफ्टच्या ३४३ इंडस्ट्रीज या शाखेकडे आली. नायक मास्टर चीफ हा बालपणींच घरांतून पळवून नेऊन सैनिक म्हणून घडविलेला पुरुष. चिलखताआडचा त्याचा चेहरा खेळणाऱ्यास दिसत नाहीं. त्याच्या कानाशीं बोलणारी कोर्टाना ही त्याची जिवलग. पण ती स्त्री नव्हे, मानवी मेंदूच्या नमुन्यावर रचलेली यंत्रबुद्धि आहे. अशा बुद्धीचें आयुष्य सुमारें सात वर्षांचें. त्यानंतर विचारांच्याच भारानें तिला भ्रम होऊं लागतो. २०१२ सालच्या चौथ्या भागांत ती या अवस्थेस पोंचलेली असते, आणि अखेरीस आपल्या सोबत्यास वांचवून नाहींशी होते. जिचा देह केवळ प्रकाशाचा, ती निरोपाच्या क्षणीं त्याच्या चिलखतावर हात ठेविते. भाच्यानें हा प्रसंग आम्हांस मुद्दाम काढून दाखविला. आणि प्रांजळपणें सांगावयाचें तर आम्हांस चष्मा पुसावा लागला.

पुढें २०१५ च्या ऑक्टोबरांत पांचवा भाग प्रसिद्ध झाला, आणि त्यांत कोर्टाना जिवंत निघाली! एका लुप्त प्राचीन जातीच्या ज्ञानभांडारांत ती जाऊन पोंचली, तेथें तिचा रोग बरा झाला, आणि आतां प्रचंड यंत्रांच्या बळावर ती अखिल आकाशगंगेवर शांतता लादावयास निघाली आहे. जो शरण येणार नाहीं त्यास शासन. वाचकहो, ह्याहून चांगला विषय नाटककारास कोणता हवा? स्वातंत्र्य देऊन मिळणारी शांतता पत्करावी काय? जिनें आपला प्राण वांचविला तीच जुलमी झाली, तर तिच्यावर शस्त्र उचलावें काय? परंतु हे प्रश्न ज्याच्या काळजाला भिडावयाचे तो चीफ पंधरा प्रकरणांपैकीं अवघ्या तीन प्रकरणांत आपल्या हातीं येतो. उरलेल्या बारांत खेळणाऱ्यास लॉक नांवाच्या दुसऱ्याच एका अधिकाऱ्याच्या भूमिकेंत वावरावें लागतें. त्याचें काम चीफला पकडून आणण्याचें. मागच्या भागापासून वाढवीत आणलेला जुल मदामा हा शत्रु पहिल्याच प्रकरणांत, जणूं दाराशींच, मारला जातो. चीफबरोबर त्याचे तीन बालसोबती आहेत. ते कोण, हें २००१ सालची एक कादंबरी वाचल्यावांचून नीट उमगत नाहीं.

त्यांतून जाहिरातींचा प्रकार निराळाच. खेळ निघण्यापूर्वीं 'हंट द ट्रुथ' नांवाची एक श्राव्य मालिका प्रसिद्ध झाली होती. तिच्यांत एक वार्ताहर चीफच्या पूर्वायुष्याचा शोध घेतो, आणि हा वीर कीं द्रोही अशी शंका ऐकणाऱ्याच्या मनांत उत्पन्न होते. चित्रफितींत लॉक आणि चीफ पडक्या नगरांत वैरी म्हणून समोरासमोर उभे केलेले. प्रत्यक्ष खेळांत त्यांची एकदांच झटापट होते, तीही क्षणभराची आणि खेळणाऱ्यानें हात बांधून नुसती पाहावयाची. पुढें ते एकाच बाजूचे होतात. कीर्तनकारानें पूर्वरंगांत एक सिद्धांत मांडावा आणि उत्तररंगांत भलतेंच आख्यान लावावें, तसें हें झालें. जाहिरात लिहिणारा निराळा असतो, असें यावर सांगण्यांत येईल; पण श्रोता एकच असतो, आणि पैसे त्यानेंच मोजलेले असतात.

मेलेल्यास उठविणें हाच मूळ अपराध, असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. कॉनन डॉइलनें १८९३ सालीं शेरलॉक होम्सला धबधब्यांत लोटलें आणि १९०३ सालीं परत आणलें. वाचकांनीं त्याचें स्वागतच केलें. परंतु होम्सला मरतांना वॉटसननें पाहिलेलें नव्हतें. पाऊलखुणा आणि एक चिठ्ठी यांवरून त्यानें अनुमान केलें होतें. शिवाय परतलेला होम्स हा होम्सच होता. कोर्टानाचें मरण हें अनुमान नव्हतें, तोच मागील कथेचा अर्थ होता. तो अर्थ पुसून टाकणारा लेखक पुढील कथा तर बिघडवितोच, पण जें आम्हीं एकदां मनोभावें अनुभविलें त्याबद्दलही आम्हांस मागाहून ओशाळें करितो. कथानकाची उकल कथानकांतूनच व्हावी, यंत्रांतून उतरणाऱ्या देवाकडून नव्हे, असा ॲरिस्टॉटलचा आग्रह होता. येथें यंत्रांतून देवताच उतरली आहे. तथापि तेंही आम्हीं सोसलें असतें. ही स्थिति खरी मानून चीफला आणि आम्हांस तिच्यापुढें उभें केलें असतें, तर अपराधाचें परिमार्जन झालें असतें.

आमचे एक गणिताचे सहाध्यापक म्हणाले, "अहो, असल्या खेळांत गोष्ट पाहतो कोण? बुद्धिबळांत राजाचें चरित्र कोणी विचारतो काय?" युक्तिवाद वाटतो तितका उथळ नाहीं. बुद्धिबळाला गोष्ट नाहीं आणि तिच्यावांचून त्यांत उणेंही नाहीं. परंतु बुद्धिबळानें आम्हांस प्याद्यासाठीं कधीं रडविलेलें नाहीं. ज्यानें एकदां रडविलें त्याला, अडचण येतांच, 'आपला हा केवळ खेळ' म्हणून पळ काढतां येत नाहीं.

आणि ह्या खेळांत आणखी एक गोष्ट आहे. कादंबरींतील युद्ध दुसरा कोणी लढतो, आम्ही पाहणारे. येथें बोट आमचें असतें. मारावयाचें कां, याचें उत्तर देण्याची सोय खेळणाऱ्याजवळ नाहीं. तें त्यानें विश्वासानें कथाकारावर सोंपविलेलें असतें. म्हणून असल्या खेळांत कथा हा अलंकार नव्हे. ती परवानगी आहे. एका संध्याकाळीं भाचा कुठल्याशा परक्या ग्रहावर धडाधड गोळ्या झाडीत होता. आम्हीं विचारलें, "हे कोण रे? ह्यांना कां मारतोस?" त्यानें मान न वळवितां उत्तर दिलें, "ठाऊक नाहीं, मामा. पुढें जायचंय म्हणून."

हें उत्तर आम्हांस बरेच दिवस सलत राहिलें. मुलगा स्वभावानें मवाळ आहे. असल्या खेळानें तो हिंसक होईल अशी भीति आम्हांस वाटत नाहीं. पण चौथ्या भागांत, कोर्टाना थकत चालली असतां, हाच मुलगा कशासाठीं लढावयाचें हें पक्कें जाणत होता. पांचव्यानें त्याला तें न विचारण्याची संवय लावली. (आमच्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका आम्हांस येथें आठवल्या, आणि त्या संवयीचें खापर सर्वस्वीं अमेरिकेवर फोडतां येईना.)

त्यापुढचा भाग २०२१ च्या डिसेंबरांत आला. त्यांत कोर्टानाचा शेवट अगोदरच, पडद्याआड, होऊन गेलेला आहे. खेळणाऱ्यास तो मागें राहिलेल्या प्रतिध्वनींवरून कळतो. मागील चुकीची टीका ऐकून लेखकांनीं असें केलें असावें. पण हें कर्ज फेडणें नव्हे, वहींतलें पान फाडणें आहे. शस्त्र उचलावें काय, हा प्रश्न जो २०१५ सालीं टाळला तो पुन्हां टाळला गेला.

सुटी संपल्यावर भाच्यानें सामान आवरलें. पांचव्या भागाची तबकडी तो आमच्या टेबलावरच ठेवून गेला. जुन्या चार भागांची तेवढी आठवणीनें बॅगेंत घातली.