उंबरठ्याबाहेरचे जोडे

मनुष्याच्या परिधानात जोडा ही सर्वांत हलकी वस्तू, असा आपला पूर्वापार समज आहे. कोणास जोड्यापाशी उभे करणे म्हणजे त्याचा अपमान करणे होय. आणि ‘पायीची वहाण पायीच बरी’ ही म्हण तर वहाणेपेक्षा माणसांविषयीच अधिक वेळा उच्चारली गेली आहे. उलट याच वस्तूस पादुका म्हटले की ती भरताने सिंहासनावर ठेविली, आणि आषाढात लाखो लोक ती पालखीत घालून आळंदीहून पंढरपुरास पायी नेतात. एकाच वस्तूविषयी इतकी तुच्छता आणि इतकी पूज्यबुद्धी ज्या समाजात शेजारी शेजारी नांदतात, त्या समाजाने जोडा कोठे काढावा, कोठे घालावा आणि कोठे बदलावा याचा पुष्कळ विचार करून ठेविला असेल, असे कोणासही वाटेल. विचार फारसा झालेला नाही. भांडणे मात्र पुष्कळ झाली आहेत.

आमचे वास्तव्य बल्लारपुरास. एका अंगास कागदाचा कारखाना, दुसऱ्या अंगास कोळशाच्या खाणी, मध्ये वनखात्याचे सागवानाचे आगार, आणि वर्धेच्या काठी गोंड राजा खांडक्या बल्लाळशहाच्या नावाने ओळखला जाणारा किल्ला, असे हे गाव. येथे वैशाखात जमीन अशी तापते की जोडा ही चैनीची वस्तू आहे असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या एका आप्ताने, जे मोठ्या हुद्द्यावर होते, आम्हांस विदर्भातील एका शहरी, एका खाजगी गोल्फ क्लबात चहास बोलाविले. क्लबाचे नाव सांगण्याचे कारण नाही; तो काही जगावेगळा नव्हता. बरोबर आमचे मामा होते. मामांची सारी नोकरी गडचिरोलीकडच्या खेड्यांत शाळामास्तरकीत गेलेली. धोतर, बंद गळ्याचा कोट, टोपी आणि चामड्याच्या वहाणा हा त्यांचा पोशाख. मोठ्या ठिकाणी जावयाचे म्हणून त्यांनी आदल्या रात्री वहाणांस तेल लावून ठेविले होते.

दारावरच्या मनुष्याने अत्यंत नम्रपणे सांगितले की धोतरास हरकत नाही, राष्ट्रीय पोशाख म्हणून नियमांत त्याची सोय आहे. परंतु पाऊल झाकणारा जोडा पाहिजे. आमच्या मुलाचे कापडी बूट मोटारीत पडले होते. ते मामांनी तेवढ्यापुरते घालावेत, असे आम्ही सुचविले. तेव्हा त्याने तितक्याच नम्रपणे एका फलकाकडे बोट केले. मोटारी उभ्या करण्याच्या आवारात जोडे बदलू नयेत. त्यासाठी आत स्वतंत्र खोली आहे, असे तीवर लिहिले होते. म्हणजे बूट घातल्यावाचून आत जाता येत नव्हते, आणि आत गेल्यावाचून बूट घालता येत नव्हते. न्यायशास्त्रात अशा प्रकारास अन्योन्याश्रय म्हणतात. मामांनी काही काळ संस्कृतही शिकविले होते. त्यांना तो दोष आमच्या आधी दिसला आणि हसू आले. “तुम्ही जाऊन या रे,” ते म्हणाले, “मी बसतो इथं लिंबाखाली.” लिंबाखालच्या बाकावर खेळाडूंच्या पिशव्या वाहणारी पोरे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसली होती. मामा त्यांच्यात जाऊन बसले. आम्ही आत गेलो.

गेलो, हे येथेच सांगून टाकतो. कारण पुढे जे लिहीत आहोत ते एखाद्या निर्दोष मनुष्याचे लेखन आहे, असा वाचकांचा समज होऊ नये.

आता न्यायबुद्धीने पाहू गेल्यास गोल्फच्या जोड्यांविषयीचे सर्वच नियम निष्कारण नाहीत. या खेळात फटका मारताना पाय घसरू नये म्हणून जोड्याच्या तळास खिळे असत. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकापर्यंत ते बहुधा धातूचे असत, पुढे मऊ प्लॅस्टिकचे आले. धातूच्या खिळ्यांनी भोकाभोवतालची बारीक कातरलेली हिरवळ ओरबाडली जाई आणि क्लबघराची लाकडी जमीन टोचली जाई. अशा जोड्यांनिशी दिवाणखान्यात येऊ नये, हा नियम शहाणपणाचा आहे. चिखलाने भरलेले पाय घेऊन स्वयंपाकघरात येऊ नये, इतकाच तो साधा आहे. परंतु सदऱ्यास गळपट्टी असावी, तो आत खोवलेला असावा, आखूड विजारीवर मोजे अमुक उंचीचे असावेत, आणि आवारात जोडे बदलू नयेत, या नियमांनी कोणते गवत वाचते? त्यांचा हेतू दुसरा आहे. एका पायावर उभा राहून दुसऱ्या पायात बूट कोंबणारा मनुष्य दिसावयास बरा दिसत नाही, हे आम्हांसही कबूल आहे. परंतु त्याचे ते दिसणे इतरांनी का सोसू नये, हे कोणी सांगत नाही.

आमच्या घरांतून वहाणा दाराबाहेर काढण्याची चाल आहे. पाहुणा काढतो, तसा यजमानही काढतो. किंबहुना यजमानाच्या वहाणा आधीच बाहेर पडलेल्या असतात, आणि त्या पाहूनच पाहुण्यास काय करावयाचे ते कळते. कोळशाच्या खाणीत याच्या नेमके उलट आहे. तेथे जाड बुटावाचून आणि डोक्यावरच्या कठीण टोपीवाचून कोणास खाली उतरता येत नाही. पण व्यवस्थापक असो की मजूर, नियम एकच. कारण वरून दगड पडला तर तो हुद्दा विचारीत नाही. एके ठिकाणी जोडा काढावयाचा, दुसरीकडे घालावयाचा; परंतु दोन्ही ठिकाणी नियमाचे तोंड वस्तूकडे आहे, माणसाकडे नाही. म्हणून त्याने कोणाचा अपमान होत नाही.

नियमाने माणसाकडे तोंड फिरविले म्हणजे काय होते, हे आपल्या देशाने इंग्रजी अमदानीत पुरेपूर पाहिले आहे. १८२३ ते १८२८ या काळात गव्हर्नर जनरल असलेल्या लॉर्ड ॲम्हर्स्ट यांनी आपल्यासमोर येणाऱ्या हिंदी माणसाने जोडे काढावेत असा आग्रह धरला. लॉर्ड डलहौसी यांच्या कारकिर्दीत तो अधिक कडक होऊन सरकारी कचेऱ्यांसही लागू झाला. युरोपीय पोशाख करणारास मात्र सूट होती. म्हणजे विलायती बूट पायात राहू शके, देशी जोडा राहू शकत नसे. १८६२ साली सुरतेच्या फौजदारी अदालतीतील असेसर माणेकजी कावसजी एंटी यांनी सेशन्स जज्जापुढे जोडे काढण्याचे नाकारले. जज्जाचे म्हणणे असे की वरिष्ठापुढे जोडे काढणे ही तुमचीच रीत आहे. माणेकजींनी हट्ट सोडला नाही. त्यांस अदालतीत मज्जाव झाला, आणि त्यांनी मुंबईच्या गव्हर्नराकडे दाद मागितली. जज्ज सांगत होता ते अर्धे खरे होते, आणि म्हणूनच ते अधिक बोचणारे होते. रीत आमची खरी. परंतु ती बसावयाच्या बैठकीची आणि देवघराची, मेज-खुर्चीच्या कचेरीची नव्हे. आणि ती पाळताना समोरच्याच्या पायांत बूट नसतात.

गंमत अशी की हीच मंडळी ब्रह्मदेशात गेली तेव्हा त्यांस हाच नियम असह्य झाला. मिंडोन राजाच्या दरबारात इंग्रज वकिलास जोडे काढून जमिनीवर बसावे लागे. १८७५ साली फॉर्साइथ यांची शिष्टाई झाल्यानंतर हिंदुस्थान सरकारने ठरविले की आपला वकील यापुढे जोडे काढणार नाही. राजाने त्यास दर्शन देण्याचे नाकारले. सुरतेत ज्याला शिष्टाचार म्हटले, तेच मंडालेस मानहानी ठरले.

परंतु इंग्रजांवर बोट रोखून हा विषय संपविता आला असता तर आम्हांस बरे वाटले असते. तसे करता येत नाही. आपल्याच खेड्यांतून वाड्यावरून किंवा चावडीवरून जाताना अस्पृश्य मानलेल्या मनुष्याने वहाणा काढून हातात घ्याव्यात, अशी सक्ती होती. तेथे जमिनीला जपावयाचे नव्हते आणि देवालाही नव्हते. ओट्यावर बसलेल्याच्या नजरेला जपावयाचे होते. आणि देवाच्या दाराची गोष्ट आणखी निराळी. २ मार्च १९३० रोजी नाशिकास काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह सुरू झाला तेव्हा मागणी काय होती? इतरांप्रमाणे आम्हांसही या पायरीपाशी वहाणा काढू द्या, एवढीच. देवळात सर्वांचे पाय सारखेच उघडे, म्हणून तेथे समता आहे, असे आम्ही लहानपणी ऐकले होते. ज्यास पायरीपर्यंत येऊच दिले जात नाही त्याची वहाण कोठे राहते, हा प्रश्न तेव्हा आम्हांस सुचला नाही.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडास जमलेल्या स्त्रियांस डॉ. आंबेडकरांनी लुगडे कसे नेसावे, दागिने कोणते टाकावेत, हे सांगितले. इतका मोठा पुरुष लुगड्याच्या नेसणीवर वेळ का घालवितो, असे ज्यास वाटेल त्याने कधी दारावर अडविले जाण्याचा अनुभव घेतलेला नसेल. पोशाखावरून जात ओळखली जात होती आणि ओळखून वागविले जात होते. ती ओळख पुसणे हे त्यांस राजकारणाइतकेच निकडीचे वाटले. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी ते चांद्यास आले आणि नागपूरपाठोपाठ तेथेही धम्मदीक्षा झाली. त्यांचा सूट हा पुष्कळांच्या टीकेचा विषय होता. परंतु तो सूट दारावरच्या मनुष्यास काय सांगत होता, हे आमच्या भागातील लोकांस कोणी समजावून द्यावे लागले नाही.

क्लबांची कथा यापुढची. मुंबईस लॉर्ड विलिंग्डन यांच्या नावाचा क्लब निघाला तो पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, गोऱ्यांबरोबर हिंदी लोकांसही प्रवेश असावा म्हणून. त्याच क्लबातून १९८८ साली चित्रकार हुसेन यांस, ते अनवाणी आहेत म्हणून, परत जावे लागले. हुसेन पंढरपूरचे, अनवाणी पायांची त्या गावास नवलाई नाही. चेन्नईस जुलै २०१४ मध्ये उच्च न्यायालयाचे एक न्यायाधीश एका पुस्तकाच्या प्रकाशनासाठी क्रिकेट संघटनेच्या क्लबात गेले असता धोतर नेसले म्हणून अडविले गेले, आणि त्याच वर्षी तामिळनाडू विधानसभेने असा मज्जाव करण्यास बंदी करणारा कायदा केला. कायदा योग्यच झाला. परंतु न्यायाधीश अडला म्हणून कायदा झाला, ही गोष्टही नोंदविण्याजोगी आहे. जून २०१७ मध्ये दिल्लीच्या गोल्फ क्लबात मेघालयातील एक स्त्री एका सभासदाची पाहुणी म्हणून जेवावयास गेली. तिने आपल्या खासी लोकांचा जैनसेम हा पोशाख केला होता. ती मोलकरणीसारखी दिसते असे सांगून तिला उठून जाण्यास सांगण्यात आले. येथे नियम कोणता मोडला होता? कोणताही नाही. नियमांच्या पाठीमागे जे बसलेले असते ते या प्रसंगी नियमावाचूनच बोलले, इतकेच.

आणि दाराबाहेर ठेवलेला मनुष्य खेळात उणा असतो म्हणून बाहेर असतो, असेही नाही. दक्षिण आफ्रिकेत पापवा सेवगोलम नावाचे वंशाने हिंदी असे गोल्फपटू होते. दुसऱ्यांच्या पिशव्या वाहत खेळ शिकलेले. १९६३ साली दरबान येथे नाताळ प्रांताची खुली स्पर्धा त्यांनी जिंकली, पण क्लबघरात पाऊल टाकण्याची त्यांस मनाई. म्हणून चषक त्यांस बाहेर, भर पावसात देण्यात आला. आपल्याकडे १९९१ साली अली शेर यांनी इंडियन ओपन जिंकली. तेही पिशव्या वाहण्यापासूनच वर आलेले.

यावर क्लबवाल्यांचे उत्तर आम्ही ऐकले आहे, आणि ते अगदीच टाकाऊ नाही. ते म्हणतात, क्लब हे चार मित्रांचे घर आहे. तुमच्या घरात तुम्ही जोडे काढावयास लावता, आमच्या घरात आम्ही घालावयास लावतो. शिवाय सर्वांचा पोशाख एकसारखा असला म्हणजे श्रीमंत-गरीब हा भेद दिसत नाही. दुसरा मुद्दा आम्ही सोडून देतो; वर्गणी देऊन आत आलेल्यांत गरीब शोधण्याची गरजच पडत नाही. पहिला मुद्दा मात्र विचार करावयास लावतो. घराला आपली रीत असण्याचा हक्क आहे. ती सर्वांनीच सोडली तर जगात सगळीकडे एकच धर्मशाळा होईल, आणि तेही आम्हांस नको. पण घर म्हणजे काय? ज्या घरी पाहुणा येतो तेथे यजमान दाराशी येतो. पाहुण्यास रीत ठाऊक नसली तर ती तो शिकवितो, आणि शिकविताना त्यास अवघडल्यासारखे होऊ नये याची काळजी घेतो. पाटावर बसता न येणाऱ्या म्हाताऱ्यास आमच्या आजीने स्टूल दिलेले आम्ही पाहिले आहे. सोवळ्याच्या बाबतीत ती फार कडक होती, तरीही. क्लबाच्या दारी यजमान नव्हता. एक फलक होता, आणि त्या फलकाची नोकरी करणारा एक गरीब मनुष्य होता, ज्याला स्वतःला सुटीच्या दिवशी त्या दारातून आत येता आले नसते.

यजमान, म्हणजे आमचे आप्त, आत होते. आणि आम्ही त्यांस मामा बाहेर बसले आहेत हे सांगितले ते चहा संपत आल्यावर. आधी का सांगितले नाही, याचा आम्ही पुष्कळदा विचार केला आहे. त्यांस संकोच होऊ नये म्हणून, असे आम्ही तेव्हा स्वतःस सांगितले. खरे असे की त्या दिवाणखान्यात बसल्यावर आम्हांस बरे वाटत होते. आमचे बूट नवे होते. दार ज्यास आत घेते त्यास त्या दाराविषयी तक्रार राहत नाही. सुरतेच्या अदालतीतही विलायती बूट घालून आत बसलेले काही हिंदी गृहस्थ असतीलच, आणि त्यांनी त्या दिवशी खाली पाहिले असेल.

आप्त लगबगीने बाहेर आले. मामा एका पोराकडून गोल्फच्या जोड्याच्या तळाचे खिळे कसे फिरवून काढतात ते समजावून घेत होते, आणि त्या पोराच्या पायांत रबरी सपाता होत्या. आप्तांनी क्षमा मागितली. मामांनी, त्यात काय, असे म्हणून विषय बदलला. परत येताना वाटेत ते सागवानाविषयी बोलत राहिले. पुढे २०२३ साली बल्लारपूरच्या आगारातून अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी लाकूड गेले, तेव्हा गावातल्या मिरवणुकीत मामा आमच्या पुढे चालत होते. वहाणा त्यांनी आमच्या घरी काढून ठेविल्या होत्या. त्यांस तेल लावून ठेवावे असे आमच्या मनात आले. पण मामांस ते कळले असते तर काय वाटले असते हे न समजून आम्ही लाविले नाही.

गेल्या हिवाळ्यात आप्तांचे पुन्हा बोलावणे आले. या खेपेस मामांसाठी बुटांची सोय करून ठेवितो, असे त्यांनी आपुलकीने लिहिले आहे. पत्राचे उत्तर अद्याप आमच्याकडून गेलेले नाही.